बनाला लावलेलं पाणी

तुमच्या शाळेनं तुम्हाला गावच्या रानात नेलं, खोडांवर कागद ठेवून खडूनं घासायला लावलं आणि पानांची चित्रं काढायला लावली, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. मग विचारलंत, आजी, तुमच्या गावात असं सगळ्यांचं मिळून रान होतं का? होतं, एवढंच मी म्हणाले आणि तुमच्या परीक्षेचं विचारलं. त्या रानाबद्दल बोलायचं म्हणजे तुमच्या आजोबांबद्दल बोलावं लागतं, आणि ते फोनवर मला जमलं नसतं.

आपलं गाव इंदापूर तालुक्यात, कळंबच्या अलीकडं. गावाबाहेर बिरोबाचं बन होतं. बिरोबा मेंढपाळांचा देव. मेंढरं राखणारी ती घरं माझ्या वेळेपर्यंत शेतीत, कारखान्यात, एस.टी.त कामाला लागली होती. दोन-चार घरांचेच कळप उरले होते. पण बन साऱ्या गावाचं होतं. कडुलिंब, हिवर, खैर, बोरी, बाभळी. बनात पायात चप्पल नाही आणि झाडाला कुऱ्हाड नाही, अशी आण होती. वाळलेली फांदी पडली तरी ती कुणी घरी नेत नसे. चैत्रातल्या यात्रेला देवाचा नैवेद्य शिजवायचा, त्यालाच ती जळायची.

नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत मी गावच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवत होते. पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मी; रकाने आखल्याशिवाय मला काही सुचत नसे. एका पावसाळ्यात चित्रकलेचे सर आणि मी ठरवलं की आठवीच्या मुलींनी बन समजून घ्यायचं. प्रत्येकीनं एक झाड वाटून घ्यायचं. त्याचं चित्र काढायचं, त्यावर कोण पाखरं बसतात ते बघायचं आणि त्या झाडाखाली पूर्वी काय काय घडलं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. बारामतीहून मी जाड कागद आणि रंगीत खडू आणले. देवळापासून बनाच्या टोकापर्यंत झाडं ओळीनं वाटून दिली. चित्रं दिवाळीआधी देवळाच्या मंडपात त्याच ओळीनं लावायची, हेही मी तेव्हाच जाहीर करून टाकलं.

चित्रं येऊ लागली तशी माझी चिडचिड सुरू झाली. देवळाजवळच्या झाडांवर पानंच पानं, होले, ढोलीत बसलेला पिंगळा. आणि टोकाकडच्या मुलींनी नुसती खोडं आणि फांद्या काढलेल्या. श्रावणात! सर म्हणाले, पानं काढायचा कंटाळा. मी मुलींना नीट बघून पुन्हा काढायला सांगितलं. एकजण म्हणाली, "बाई, पानंच न्हाईत तर कुठनं काढू?"

मी स्वतः गेले. अनवाणी पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतले. साचून राहिलेल्या पाण्याचा कुबट वास येत होता. तेवढ्या बाभळी हिरव्या होत्या, त्यांना ओल सोसते. कडुलिंब आणि खैर उभ्या उभ्या वाळले होते. त्यांच्या पलीकडं लगेच ऊस सुरू होत होता. तो ऊस आपला होता.

मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. कोडं सुटलं होतं. पाटाचं पाणी पाझरत असणार, असं मी धरून चालले. वर्गात फळ्यावर मुळांची आकृती काढली, कोरड्या रानातल्या झाडांच्या मुळांना हवा लागते आणि सतत पाणी राहिलं की ती गुदमरतात, हे समजावलं. मुलींनी ते वहीत सुरेख उतरवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात बनाचा इतिहास सांगायला आबांना बोलावलं. देवाची पूजा त्यांच्या घराकडं होती. बनातला थोरला कडुलिंब म्हणजे गावाची जावळं काढायची जागा. त्याच्याखाली मुली गोल करून बसल्या. त्या झाडाचीही शेताकडची बाजू पिवळी पडली होती. आबांनी कळपांच्या, लांडग्यांच्या, गजीच्या नाचाच्या गोष्टी सांगितल्या. मग एका मुलीनं विचारलं, आबा, पाणी इथं कुठनं येतं?

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, घसा सुकला बगा. शाळंतनं जरा पानी आनता का?"

मी एका मुलीला पिटाळलं आणि तिथंच बसून राहिले. त्यांनी भंडाऱ्याची पिशवी उगीच उघडली, मिटली. "बाई काय जात न्हाईत," ते मुलींना हसून म्हणाले. मग हसणं थांबलं.

"बनाला कुऱ्हाड लावायची न्हाय, ही आन हाय. पानी लावायचं न्हाय, अशी आन कुनी घातलीच न्हवती. मालकांनी आन मोडली न्हाय, पोरींनो. दारं तेवढं हिकडं फोडलं."

उसाला पाणी देताना सरीचं तोंड उघडतात आणि बुजवतात, त्याला आपल्याकडं दारं धरणं म्हणतात. उसाचं भिजवून झालं की पाणी बंद करायचं नाही, बनाकडं सोडून द्यायचं. झाड मुळातून कुजतं. वादळात पडतं. पडलेलं झाड यात्रेच्या चुलीत जातं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढच्या लागणीला उसाच्या सऱ्या वाढतात. हे थोरल्या मालकांपासून, म्हणजे माझ्या सासऱ्यांपासून चाललेलं होतं. आपल्या उसात शेंदूर लावलेला एक दगड होता. शेताचा देव म्हणून लग्न झाल्यापासून मी त्याला हळदकुंकू वाहत आले होते. तो बनाच्या शिवेचा दगड होता. आबांच्या लहानपणी लोक तिथं चपला काढत.

मुली वहीत बघत होत्या. माझ्याकडं एकीनंही पाहिलं नाही, आणि तेच मला सोसवेना. आबा उठता उठता एवढंच म्हणाले, "ग्येलं ते ग्येलं, बाई. ह्यो थोरला लिंब तेवढा ऱ्हाऊ द्या."

रात्री जेवताना मी तुमच्या आजोबांकडं विषय काढला. ते वाईट माणूस नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "झाडाला पाणी घातलं. त्यात पाप कसलं?" मी मुळांचं सांगू लागले, तर हसले. "पोरींना हे इंग्रजीतनं शिकवलंस का?" मग म्हणाले, "चित्रं लाव. पण वाळकी कशाला? देवाच्या दारात अशुभ दिसतात. आणि आपली पोरं कशावर शिकतायत, तेही एकदा मोज."

तुमचे बाबा तेव्हा बारामतीत कॉलेजात होते. मी पुढचं वाढलं.

वाळकी चित्रं काढून ठेवायचा विचार माझ्याही मनात आला होता. पण ओळ मीच ठरवून दिली होती. एक चित्र जरी काढलं असतं तरी का काढलं ते आठवीतल्या प्रत्येक मुलीला कळलं असतं. मंडपात सुतळी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून आम्ही चित्रं टांगली. देवाच्या दारापासून चालत गेलं की पानं दाट, मग विरळ, मग नाहीतच. कुणाला काही सांगायची गरज नव्हती.

सारा गाव आला. आजोबाही आले, पांढऱ्याशुभ्र धोतरात. मुली आपापल्या चित्राजवळ उभ्या राहून माहिती सांगत होत्या. ते एकेक ऐकत शेवटच्या चित्रापाशी पोचले. तिथल्या मुलीनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं: हा खैर, ह्यावर पूर्वी घारीचं घरटं होतं, हा पाण्यानं वाळला. मोठी माणसं मुलांना विचारतात तसं त्यांनी विचारलं, "कुणाच्या पाण्यानं?"

मुलगी घाबरली. "बाईंना ठावं हाय," म्हणाली.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "आपल्या."

माझा आवाज मंडपभर ऐकू गेला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पानी कुनाचं का आसंना मालक, लिंबानं तर पोटभर पिलं." माणसं खाली बघून हसली. आजोबांनी देवापुढं नारळ ठेवला आणि ते घरी गेले. मी मुलींबरोबर थांबून चिमटे गोळा केले.

पाण्याच्या पुढच्या पाळीला ते गड्याला न सांगता स्वतः फावडं घेऊन गेले आणि बनाकडचं तोंड बुजवून आले. मला त्यांनी सांगितलं नाही. धोतराच्या चिखलावरून मला कळलं. उसात गेलेली जमीन मात्र उसातच राहिली. ती परत द्या, असं मीही कधी म्हणाले नाही. तुमच्या बाबांची फी त्यावर जात होती.

चैत्रात यात्रा आली. थोरल्या कडुलिंबाला पालवी फुटली, पण देवळाकडच्या बाजूलाच. शेताकडच्या फांद्या तशाच राहिल्या. त्यामुळे दुपारी पंगत बसली तेव्हा अर्ध्याच लोकांना पुरेल एवढी सावली होती. आबांनी आम्हा दोघांना हाताला धरून त्या सावलीत नेलं, घोंगडी अंथरून बसवलं. त्यांच्या घरच्या बायका, खैराचं चित्र काढणारी ती मुलगी, कळपांवरून आलेली म्हातारी माणसं, सगळी उन्हात बसली. आजोबा उठायला लागले. म्हणाले, आबा, तुम्ही या इकडं, आम्ही तिकडं बसतो.

आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "बसा, मालक. बनात तुमी पावनं."

आम्ही सावलीत बसून जेवलो.