छातीतली कळ कोणाची

नवऱ्याचा विमा नामंजूर झाल्याचं एजंटाने फोनवर सांगितलं. म्हणाला, "वहिनी, त्यांच्या केसपेपरवर हृदयविकाराचा संशय लिहिलाय. तुम्ही लपवलंत." आम्ही काय लपवणार, कप्पाळ! मला तर ते त्या फोनवरच पहिल्यांदा कळत होतं.

नवरा पर्यटकांची गाडी घेऊन आंबोलीला गेलेला. फोन लागेना. ती घाटातली वळणं आणि छातीतली कळ दाबून गाडी हाकणारा हा माणूस, एवढंच डोळ्यांसमोर येत राहिलं. पोरगी नुकती रांगायला लागली होती. तिला कडेवरून खाली ठेववेना. मी भलतीच घाबरले होते.

संध्याकाळी तो उंबऱ्यात आला तशी मी तोंड सोडलं. मेला हसायलाच लागला. "अगो, तां माझा न्हय, बाबांचा. ते डॉक्टराकडे येनत नाय, म्हणान मीच जावन माझा म्हणान सांगलंय. औषध गावला मा?"

औषध मिळालं ना, मग झालं! आमच्याकडे हे सर्रास चालतं. म्हाताऱ्याचं दुखणं तरण्याने सांगायचं आणि गोळ्या घरी आणायच्या. डॉक्टरांनी लगेच तपासणी करा म्हणून लिहून दिलं होतं. ह्याला स्वतःला काही होत नव्हतं, त्यामुळे ह्याने ते मनावरच घेतलं नाही. माझा जीव भांड्यात पडला, मीही हसले. मग दारापुढच्या खळ्यात जाळं दुरुस्त करत बसलेल्या सासऱ्यांकडे नजर गेली. ते रोज पहाटे होडी घेऊन एकटेच समुद्रात जातात. मी त्यांना दवाखान्यात चला म्हटलं.

"माका काय्येक जावक नाय," एवढं बोलून ते पुन्हा जाळ्यात वाकले. मी हातापाया पडले, रागावले, काही उपयोग नाही. शेवटी नवऱ्याने डॉक्टरांना फोन केला. ज्याचं दुखणं आहे त्याला समोर आणा, तपासतो, मगच केसपेपर चुकल्याचं पत्र देतो, असं ते म्हणाले. मुलाचा विमा त्या पत्रावर अडलाय हे ऐकल्यावर मात्र सासरे उठले. "झिलाचा काम अडाक नको," म्हणत त्यांनी शर्ट चढवला.

दवाखान्यात त्यांच्या हृदयाचा आलेख काढला. डॉक्टरांनी तो पाहिला, पुन्हा पाहिला आणि नवऱ्याला म्हणाले, "यांना आता पायी एक पाऊल चालवू नका. मी ॲम्ब्युलन्स बोलावतो." मी सासऱ्यांचा हात धरला, तो घामाने थंडगार झाला होता.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "गो, झिलाचा पत्र गावला मा?"