लख्ख रिकामा डबा

साखराबाईला अक्षर फारसं लागत नसे, पण डबा वाचता यायचा. पोरगा शिवम लातूरला अकरावी-बारावीला होता तेव्हा दोन वर्षं तिनं मुखेडजवळच्या आपल्या गावाहून एसटीनं डबा धाडला. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, फाट्यावर जाऊन उभं राहायचं, गाडी थांबली की कंडक्टरच्या हातात डबा. संध्याकाळी त्याच गाडीनं रिकामा डबा परत. लातूरच्या स्टँडवर असे शेकडो डबे उतरतात, म्हणून झाकणावर ऑइल पेंटनं नाव आणि फोन नंबर रंगवलेला. भाकरी उरून आली की पोरगं बाहेर वडापाव चरलं, भाजी उरली की परीक्षेनं पोटात गोळा आलाय, आणि डबा रिकामा आला की सगळं ठीक. दोन वर्षांत तिचा अंदाज एकदाही चुकला नाही. पोरगा इंजिनियर होऊन पुण्याला गेला, डबा फडताळात गेला, आणि रिकामा डबा म्हणजे भरलेलं पोट हे बाईच्या डोक्यात पक्कं बसलं. तिथंच घात झाला.

तिचा नवरा किशनराव. बोलायला कमी, खायला बेताचा, आणि एका खोडीचा पक्का. ताटातली शेवटची चतकोर भाकरी हा माणूस कधी खायचा नाही. ती बैलाची. जेवण झालं की चतकोर हातात घेऊन उठायचा, गोठ्यात जायचा, धाकट्या बैलाच्या तोंडात द्यायचा आणि मग हात धुवायचा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा चतकोर खिशात. लोक हसायचे. साखराबाई चिडायची, "आवो, शर्टाचा खिसा तेलकट करून आणता, धुणार कोण? तुमचा बैल?" किशनराव म्हणायचे, "हाव, त्यालाच सांग." चाळीस वर्षांत ही खोड मोडली नाही.

औंदा पेरणीच्या तिसऱ्या दिवशी किशनराव बांधावर बसले ते उठलेच नाहीत. लकवा. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचा गेली. नांदेडच्या दवाखान्यात वीस दिवस काढले. साखराबाई भाकरी वरणात कुस्करून एकेक घास भरवायची. गिळायला वेळ लागायचा, एका जेवणाला तासभर जायचा. पण तिथंसुद्धा शेवटचे चार घास राहिले की किशनराव तोंड मिटून घ्यायचे आणि डाव्या हातानं खिडकीकडं बोट करायचे. साखराबाईला हसू यायचं आणि रडूही. "बैल मुखेडला हाय, मालक. इथं कुठला बैल?"

डॉक्टर म्हणाले, व्यायाम नीट करून घेतला तर माणूस उभा राहील. झालं, या एका वाक्यावर बाईचा सगळा जीव टांगला. पोळ्याला मालकानं आपल्या पायानं दारात उभं राहून बैलाला घास द्यावा, एवढंच तिला देवाकडं मागायचं होतं.

शिवमनं पुण्यातून मोबाइलवर बघून नांदेडच्या बाहेर एक सेंटर काढलं. नाव मोठं गोड होतं, ते घेऊन तोंड कशाला विटाळायचं? फोटोत हिरवळ, धरून चालायच्या दांड्या, पांढऱ्या कपड्यातल्या हसऱ्या पोरी. मॅनेजर तर असा गोड बोलायचा की साखर त्याच्यापुढं फिकी. त्यानं सांगितलं, "पहिला महिना नातेवाइकांनी यायचं नाही. घरचं माणूस दिसलं की पेशंट ढिला पडतो." साखराबाई म्हणाली, "मग जेवणाचं? यास्नी गव्हाची चपाती चालत न्हाई. ज्वारीच लागती." मॅनेजरनं कपाळाला आठ्या घातल्या आणि मग म्हणाला, "बरं, दुपारचा डबा पाठवा. गेटवर द्या." साखराबाईनं त्याला दोनदा बजावलं, "कुस्करून भरवा बरं का. घाई करू नका." तो म्हणाला, "मावशी, आमचं कामच ते आहे."

फडताळातला डबा निघाला. शिवमच्या नावावर रंग फासून वर किशनरावांचं नाव टाकलं, नंबर तोच ठेवला. सकाळच्या नांदेड गाडीला चन्नबसप्पा कंडक्टर होता, तिकडं कर्नाटकाच्या सीमेकडचा, साखराबाईला अक्का म्हणायचा. गाडी सेंटरच्या गेटावरूनच जायची. जाताना वॉचमनकडं डबा द्यायचा, परतीला रिकामा घ्यायचा.

पहिल्याच दिवशी डबा आला तो लख्ख. आत शीत नाही, झाकणाला वरणाचा डाग नाही, चतकोर तर नाहीच. साखराबाई डब्यात बघत उभी राहिली. मग तिचा चेहरा फुलला. "बघा, चन्नबसप्पादादा! चाळीस वर्षांची खोड एका दिवसात मोडली. व्यायामानं भूक लागून राहिली त्यास्नी!" तो म्हणाला, "लई चांगलं झालं, अक्का." दुसऱ्या दिवशी तिनं दोनाच्या जागी तीन भाकऱ्या घातल्या. त्याही गेल्या. मग वाटीभर तूप, मग शेंगदाण्याची चटणी, एका सोमवारी धपाटे. सगळं चाटूनपुसून साफ. शेजारणी विचारायच्या, कसं हाय म्हाताऱ्याचं? ही डबाच पुढं धरायची. "बगा की! माझ्या हातचं कधी एवढं खाल्लं नव्हतं."

अगं बाई, तू पोराचा डबा वाचलास तसा नवऱ्याचा वाचता आला नाही तुला? ज्या माणसानं लकव्यातसुद्धा बैलाचा घास राखला, त्याच्या डब्यात चतकोर कुठं आहे, हे एकदा तरी मनात यायला नको का? पण आशेनं माणूस आंधळा होतो आणि तिला तर पोळा दिसत होता. पुढं कित्येकदा तिनं याच गोष्टीवरून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

पंधरा दिवसांनी सेंटरवाल्यांनी व्हिडिओ कॉल लावून दिला, दोन मिनिटांचा. किशनराव गळ्यापर्यंत चादरीत. साखराबाई म्हणाली, "अवो, तोंड का असं वाळलं?" मॅनेजर मागून म्हणाला, "कॅमेऱ्यात तसं दिसतं, मावशी. आत्ताच व्यायाम झालाय, दमलेत." किशनराव तिच्याकडं बघत राहिले आणि फोन बंद झाला. महिना भरला तर म्हणे वॉर्डात साथ आहे, अजून दहा दिवस येऊ नका. तिनं तेही ऐकलं. शिकलेली माणसं सांगतायत म्हटल्यावर आपण कोण?

पोळ्याला आठ दिवस राहिले असताना फोन आला. "तुम्ही किशनरावांच्या घरून बोलताय का? मी देविका. नांदेडला शाळेत शिक्षिका आहे. माझे वडील मार्तंड गुरुजी तुमच्या मिस्टरांच्या शेजारच्या खाटेवर आहेत. नंबर डब्याच्या झाकणावरून घेतला." ती नांदेडचीच, म्हणून भांडून आज जबरदस्तीनं आत शिरली होती. वडिलांच्या पाठीला तळहाताएवढी जखम झालेली, कुणी कूससुद्धा बदलून दिलेली नाही. "आणि मावशी, तुमचा डबा मी स्टाफच्या खोलीत बघितला. तिथं जेवत होत्या मुली. तुमचे मिस्टर तर... तुम्ही या. उद्याच या."

दुसऱ्या दिवशी साखराबाईनं रोजच्यासारखा डबा केला. पण चन्नबसप्पाच्या हातात दिला नाही. डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली. कंधार गेलं, लोहा गेलं, तिनं झाकणावरचा हात काढला नाही. सेंटरपाशी उतरली, डबा वॉचमनच्या हातात दिला आणि त्याच्या मागोमाग चालू लागली. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला आत जाता येत नाही." ती म्हणाली, "तू चल. मला डबा कुठं जातो तेवढं बगायचं हाय." तिच्या तोंडाकडं बघून वॉचमन पुढं चालू लागला.

डबा जिन्याखालच्या खोलीत गेला. तिथं दोघी पोरी बसल्या होत्या. एकीनं डबा उघडला, भाकरी मोडली, आणि दारात साखराबाई दिसली तसा हात तिथंच थांबला. लोह्याकडची पोरगी, वर्षाराणी, बावीस वर्षांचीही नसेल. रडायलाच लागली. "आज्जी, आम्ही दोघी आन् पेशंट बावीस. त्यास्नी भरवायला तास लागतो. तास कुठून आणू? आम्हाला बी जेवण देत न्हाईत इथं. टाकून द्यायचं जीवावर आलं, म्हणून खाल्लं." साखराबाईनं हात उगारला होता. तो खाली आला. पोरीच्या मनगटावर हाडं दिसत होती. "डबा धुवून का धाडत होतीस गं?" तिनं विचारलं. पोरगी म्हणाली, "म्हटलं, तुम्हाला बरं वाटंल."

वरच्या वॉर्डात किशनराव होते. साखराबाई आधी पुढच्या खाटेपाशी गेली, नवरा ओळखू आला नाही म्हणून. गालाचे खड्डे, दाढी वाढलेली, चादरीला मुताचा वास. उभं राहणं सोडा, त्या माणसाला महिनाभरात कुणी बसवलंसुद्धा नव्हतं. धरून चालायच्या दांड्या खालच्या हॉलमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या.

मॅनेजर फाइल घेऊन आला. वडिलांच्या खाटेपाशी बसलेल्या देविकानं ती वाचून दाखवली. फाइलमध्ये रोजच्या तारखेला लिहिलेलं, ‘दुपारचे जेवण पूर्ण घेतले. व्यायाम समाधानकारक.’ साखराबाई ओरडली, "मेल्या, लाज वाटू दे! तुमच्या स्वैपाकातलं तरी द्यायचं होतं की!" तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मावशी, तुम्हीच डबा चालू केलात ना? ज्यांचा बाहेरचा डबा असतो त्यांचं दुपारचं जेवण आमच्या किचनमधून कट होतं. नियम आहे. डबा नसता तर मिळालं असतं."

ऐकून बाई खालीच बसली. सकाळी चहा-बिस्कीट, रात्री पातळ खिचडीचे जमतील तेवढे चमचे, आणि दुपारी काही नाही, का, तर बायकोचा डबा येतो. सदतीस दिवस तिनं पहाटे उठून, तूप लावून, मन लावून नवऱ्याच्या तोंडचा घास काढला होता. तिच्या घशातून जो आवाज निघाला तो देविका विसरायचा म्हटलं तरी जन्मभर विसरणार नाही.

शिवम रात्रीतून निघून आला, मोठमोठ्यानं बोलला. मॅनेजरनं त्याचीच सही दाखवली, आठ पानी फॉर्मवर, सगळ्या नियमांखाली. शिवमनं मोबाइलवर सेंटरला एक चांदणी दिली आणि खाली चार ओळी खरडल्या. तासाभरात उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आपल्या रुग्णास उत्तम आरोग्य लाभो.’ देविकानं जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज दिला, त्यावर साखराबाईचा अंगठा आहे. अर्जाची पोच मिळाली. पुढं काही नाही. सेंटर चालू आहे, हिरवळीला रोज पाणी घालतात.

किशनरावांना घरी आणलं. साखराबाई पुन्हा कुस्करून भरवायला लागली आणि ते खायला लागले. तास लागो, दोन तास लागोत, ती हलायची नाही. अंगात थोडी धुगधुगी आली. मग पोळा आला.

दारात बाजेवर उशी लावून त्यांना बसवलं. शिवमची बायको शिल्पा पुण्याहून आली होती, तिनं बैलांची शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरमाळा घातल्या. साखराबाईनं पुरणपोळी दुधात कुस्करून मालकाला भरवली आणि शेवटची चतकोर मुद्दाम अख्खी ठेवली. धाकटा बैल ओळखीनं मान पुढं करून उभा होता. तिनं चतकोर मालकाच्या डाव्या हातात दिली, हात धरून बैलाच्या तोंडापाशी नेला. "द्या. तुमच्या हातची वाट बगून राहिलाय त्यो."

किशनरावांनी हात मागं ओढला. जोर कुठून आला कोण जाणे. बैलाकडं बघत बघत त्यांनी ती चतकोर स्वतःच्या तोंडात कोंबली, घाईघाईनं, कुणीतरी काढून घेईल म्हणून. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी मूठ तोंडावरून हटेना. मग त्यांनी ताट जवळ ओढलं आणि बोटांनी पुसायला सुरुवात केली.

साखराबाई ताटाकडं बघत राहिली. ताट लख्ख झालं होतं. शिल्पा कौतुकानं म्हणाली, "बघा आई, बाबांनी आज सगळं संपवलं!" साखराबाईनं ते ताट उचललं, मोरीत नेऊन आपटलं आणि तोंडात पदर कोंबून रडली.