एमाला मामा पाहिजे

साताऱ्याहून निघतानाच माझं डोकं फिरलेलं होतं. आमचे चिरंजीव निखिल यांना रजा मिळेना, म्हणून त्यांनी नवरीला पुढे पाठवून दिलं होतं आणि स्वतः लग्नाच्या तोंडावर उगवणार होते. एमा स्कॉटलंडची. तिला मराठी येत नाही, आमच्या पाहुण्यांना इंग्रजी येत नाही, आणि मी जन्मभर बँकेत काम केलं म्हणून दुभाषी मी. त्यात पाहुण्यांचा हट्ट, की नवरीचं केळवण (लग्नाआधी नातेवाइकांनी घातलेलं जेवण) आम्हीच करणार, तिचं माहेर इथे कुठे आहे? मुलाकडच्यांनीच मुलीचं केळवण करायचं, हे मी तरी पहिल्यांदा ऐकलं.

गाडी आमचे हे चालवत होते. गाडी चालवताना बोलायचं नाही हे यांचं एक व्रत, आणि गाडी थांबली की डुलकी काढायची हे दुसरं.

उंब्रज येईपर्यंत मी तिला नाती शिकवायला घेतली. काकू म्हणजे आंट. आत्या म्हणजे आंट. मावशी म्हणजे आंट. मामीपाशी आले तेव्हा तिनेच "आंट?" म्हणून विचारलं. एवढी जगभर पसरलेली भाषा, पण आईची बहीण आणि बापाची बहीण एकाच खुंटीला टांगून मोकळी! मग मी तिच्या माणसांची चौकशी केली. आईवडील दोघंही गेलेले, हे ठाऊक होतं. एक अंकल आहेत, म्हणाली. आईचे भाऊ की वडिलांचे? ती विचारात पडली. मग म्हणाली, दोन्ही नाहीत, ते एका आंटचे नवरे आहेत. कुठल्या आंटचे? त्याने काय फरक पडतो, असं तिने खरंच गोंधळून विचारलं. मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले.

फरक पडत होता, कारण मला मामा हवा होता. आमच्यात नवरीला बोहल्यावर तिचा मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. हे मी एमाला साताऱ्यातच सांगून बसले होते. तेव्हापासून तिने एकच धरलं होतं, माझ्या मागे कुणीतरी पाहिजे. हळद, नऊवारी, हजार माणसं, कशाचंच तिला भय नव्हतं. पाठीमागची जागा मोकळी राहील, याचं होतं.

कराडला माझ्या थोरल्या दिरांकडे पुरणपोळी होती. एमाने चार घास खाल्ले आणि भर पंगतीत मला हाक मारली, "सुनंदा!" दिरांना ठसका लागला. मी सांगितलं, त्यांच्यात नावानेच बोलवतात. जाऊबाईंनी विचारलं, "सासूला शब्दच न्हाई व्हय?" आहे की, म्हटलं, कायद्याने आई असा काहीतरी होतो त्याचा अर्थ. जाऊबाईंनी पोळीवर तूप ओतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी कोर्टातनं आनल्याली?" आता हे मी एमाला कसं सांगणार? छान झाली आहे पोळी असं म्हणाल्या, म्हणून सांगितलं.

विट्याच्या अलीकडे चाक बसलं. हे झाडाखाली आडवे झाले. पंक्चरवाल्याने चाक खोलता खोलता सगळी चौकशी केली. त्याचा भाऊ गलाईच्या (सोनं गाळायच्या) धंद्यात पार केरळात, आणि बायकोही तिकडचीच. तिचा मामा कोण झाला होता, असं मी विचारलंच.

"गावातलाच एक गडी हुबा क्येला की," तो म्हणाला. "मानला की मामा."

माझ्या जिवात जीव आला.

कवठे महांकाळला पोचलो तेव्हा पवनचक्क्या निवांत फिरत होत्या. तिथे माझा धाकटा भाऊ विलास, फौजेतून सुभेदार होऊन आलेला. त्याने "वेलकम, मॅडम" म्हणत एमाच्या ओंजळीत बेदाणे ओतले. मटण, बाजरीची भाकरी, सगळा थाट होता. मामाचा विषय निघाला तसा विलास छातीवर हात मारून म्हणाला, "त्यात काय? हिचा मामा मी."

मामा हा शब्द एमाला कळला. तिचे डोळे भरून आले. मीही सुटले म्हणून दुसरी भाकरी घेतली.

तेवढ्यात आमची म्हातारी चुलती गोदाक्का बोलली. "इलास, तू निखिलचा मामा. ह्या पोरीचाबी मामा झालास, तर ही दोगं एकमेकांची कोन?"

सगळ्यांचे हात थांबले. एकाच मामाचा भाचा आणि भाची, म्हणजे दोन बहिणींची लेकरं. मावसभाऊ आणि मावसबहीण! आमच्यात ते सख्ख्या भावंडांसारखे. लग्न कसलं लावता, राखी बांधा.

हे आता इंग्रजीत सांगायचं होतं. तू त्याची कझिन होशील, म्हटलं, आणि कझिनशी लग्न चालत नाही. पण मामाची मुलगीही कझिनच, आणि ती चालते. चालते काय, हक्काची असते. एमा आधी हसली. मग तिला कळलं, की आत्ताच मिळालेला मामा आम्ही परत घेतला आहे. तिने भाकरी ताटात ठेवली आणि हळूच विचारलं, मग माझ्या मागे कुणीच नाही का?

मला सगळ्यांचाच राग आला. गोदाक्काचा, विलासचा, इंग्रजीचा, आणि तिकडे खुशाल बसलेल्या माझ्या पोराचा.

वहिनी रस्सा वाढत होती. ती वर न बघताच विलासला म्हणाली, "मग मामा कशाला हुताय? बाप व्हा की. कन्यादान आपुन करू. मागं माझा भाऊ हुबा ऱ्हाईल."

गोदाक्का म्हणाली, "मामाची पोरगी? मग चालतंय काय, पळतंय."

विलासला दोन्ही मुलगेच, दोघंही फौजेत. घरात मुलगी नाही, हे वहिनीचं जुनं दुःख. या वेळी मला इंग्रजी कमी पडलं नाही. विलास तुझे वडील व्हायला तयार आहे, वहिनी आई, एवढंच तर सांगायचं होतं. एमाने विलासकडे बघून विचारलं, खरंच? तो "येस" म्हणाला. पुढे त्याचं फौजेतलं इंग्रजी संपलं, आणि तो हात धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

परतताना मांडीवर बेदाण्याची पिशवी घेऊन एमाने विचारलं, मग आता तू माझी कोण? विलासची बहीण, म्हणजे आत्या, मी म्हटलं. माझ्या सासूबाईंना मीही आत्याच म्हणत होते, तेव्हा कधी विचार केला नाही. इंग्रजीत काय, असं तिने विचारलं. आंट म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"इंग्रजीत नाही," मी म्हटलं. "तू आत्याच म्हण."

ती कराडपर्यंत आत्या, आत्या घोकत होती. मला रडू आलं आणि रडू आलं याचाही राग आला. आणि तेवढ्यात यांनी दिवसभराचं व्रत मोडलं.

"आत्याच्या नवऱ्याला आपल्यात मामा म्हणतात," हे समोर बघत म्हणाले. "तिला सांग."

मामा हा शब्द ऐकून एमा दचकली आणि घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी यांना हात जोडले. मग तिचा हात हातात घेऊन सांगितलं, घाबरू नकोस, हा मामा चालतो.