वेसण टोचलेला गेंडा

गेंड्याची गोष्ट म्हटली का तुमी आता सरसावून बसले असान. जिप्सी, उंच गवत, गवतातून एकदम निघालेला गेंडा, अन् मी झाडावर. तं तसं काईच नाई. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ हाय, अस्वल हाय, रानडुक्कर तं धानात रोज हजेरी लावते. गेंडा नाई. तरी एका पावसाळ्यात आमच्या सावली गावाले तीन गेंडे झाले, अन् त्या तिघाइच्या पापाचा धनी मी.

सावलीले एका बुढ्याचं लाकडाच्या खेळण्याचं दुकान होतं, सारे त्याले चाचा म्हणत. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा रायते. लहान पोट्टे आपापले चाकावरचे लाकडी बैल सजवतात अन् दोरीनं ओढत गल्लीभर फिरवतात. ते बैल चाचा कोरे, त्याचा कारागीर खरादावर, लाकूड गरगर फिरवाच्या यंत्रावर, चाकं काढे, अन् रंग मी मारो. मी तवा वीसेक वर्षाचा. शाळा बारावीवर थांबलेली, नकला मात्र जोरात चालू. बसच्या कंडक्टरची, हेडमास्तरची, लग्नात रुसलेल्या फुफाजीची, मंजे आत्याच्या नवऱ्याची. रंग कमी अन् नकला जास्त, असं चाचा म्हणे.

पोळा झाला का दुकान थंड पडे. त्या साली कारागीर म्हणाला, "चाचा, पोळ्यानंतर मी हैदराबादले चाल्लो, फर्निचरच्या कामाले."

पंधरा वर्षापासूनचा साथी. चाचा वरवर म्हणे, "जा ना, कोण अडवून राह्यलं?" पण दुपारी डबा खाता खाता त्याच्याकडं पाह्ये, अन् घास हातातच राहे.

तशात नागपूरची एक बाई आली. तिचं छोटंसं दुकान होतं, लाकडाचे जनावरं विकाचं. विक्रीतला काही हिस्सा ती आसामात गेंड्याच्या कामाले पाठवे. रखवालदाराइले बूट, रेनकोट. अन् शिकारीनं जिथले गेंडे संपले, त्या रानात दुसरीकडचे गेंडे नेऊन सोडाचे, त्याले मदत.

चाचानं सारं ऐकून घेतलं. "मंजे गेंड्याची बिदाईच की बाई."

"तसंच काहीसं, चाचा. पण सासरी काळजी घेणारी माणसं लागतात ना."

तिनं एक फोटो देला. म्हणाली, "तीन नमुने करून ठेवा. महिन्याभरानं येते. पसंत पडले तर वर्षभर काम देईन."

कारागिरानं खराद थांबवून हे ऐकलं. "महिनाभर थांबतो मंग," म्हणाला.

आता सारं त्या फोटोवर आलं. अन् फोटोतला गेंडा होता आडवा उभा, गुडघ्यापर्यंत गवतात. चाचानं फोटो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. "अबे, हा समोरून कसा दिसत असन? कोणी पाह्यला का?"

कारागीर खरादाकडं वळला. मले चूप बसणं जमत नाई.

"म्या पाह्यला. शाळेची सहल गेल्ती ना नागपूरले."

सहल गेल्ती हे खरं. त्या सहलीत म्या पाह्यलं ते झोपलेलं अस्वल अन् उसाचा रस.

"मंग करून दाखव," चाचा म्हणाला.

फसलो. गेंडा कसा पाह्यते, कसा वळते, मले काय माहीत? अंगानं जड, मान आखूड, हळू चालणारा, उगाच रागात असल्यासारखा, असं कोण हाय म्हणून इकडंतिकडं पाह्यलं, तं समोरच बसला होता. चाचा! चष्म्याच्या वरून पाह्ये. खालचा ओठ पुढं. कोणी हाक मारली का मान नाई फिरवाचा, सारं अंगच फिरवे. म्या तेच केलं. वरून नाकातून थोडी फुरफुर टाकली.

"वा बे!" चाचा खूश. "हालू नको. तसाच रायजो."

तीन दिवस मी गेंडा होऊन उभा, अन् चाचा कोरून राह्यला. "डोकं खाली कर. ओठ काढ अजून. हां, हेच तं पाह्यजे." दुसऱ्या दिवशी कारागिराच्या ध्यानात आलं. त्याले हसू आवरेना. भुसा नाकात गेला म्हणून खोकत बाहेर गेला तो लवकर आलाच नाई.

महिन्यानं बाई आली. चाचानं गमछा बाजूले केला अन् तीन गेंडे मांडले. मस्त राखाडी रंग म्या मारला होता. बाईनं एक उचलला, उलटा केला.

"चाचा, याला खूर?"

"फोटोत गवत होतं बाई. बैलाले रायते तसेच केले."

"गेंड्याला एका पायाला तीन बोटं असतात. आणि हे नाकात भोक कसलं?"

"वेसणीचं. पोट्टे वढतीन कायनं मंग?"

बाई स्टुलावर बसलीच. "गेंड्याला वेसण घालणारा माणूस मला एकदा भेटवा हो."

खरादावरचा हात थांबला. कारागिरानं खांद्यावरचा गमछा काढला अन् निघणाऱ्या माणसासारखी घडी घालाले लागला. चाचा त्या घडीकडं पाहून राह्यला.

"आणि हा चेहरा? गेंडा कोणी पाहिला होता?"

"यानं," चाचानं बोट केलं. "नागपूरले."

"नागपूरला कुठे? मी तिथलीच आहे."

कंडक्टर, हेडमास्तर, फुफाजी, साऱ्याइचे आवाज हायत माह्याजवळ. त्या वक्ती एकही आला नाई. "नाई पाह्यला, बाई," मी म्हणालो.

"मंग तीन दिवस कोणाची नक्कल करून राह्यला होता बे?" चाचा सारं अंग फिरवून माह्याकडं वळला. चष्म्याच्या वरून नजर, ओठ पुढं, नाकातून श्वास.

बाईनं चाचाकडं पाह्यलं. मंग हातातल्या गेंड्याकडं. मंग परत चाचाकडं. अन् अशी हसली का रस्त्यावरचे दोघं तिघं दारात डोकावले.

हसू थांबल्यावर डोळे पुसत म्हणाली, "समोरून, मागून, पायांचे, सगळे फोटो पोस्टानं पाठवते. एकच करा, पण खरा. पुढच्या महिन्यात येते, मग वर्षाच्या कामाचं बोलू." तो खोटा गेंडा पिशवीत घालून तिनं घरी नेला.

कारागिरानं गमछ्याची घडी मोडली अन् खिळ्याले अटकवला. "अजून एक महिना तं थांबणं झालं, चाचा," म्हणाला अन् खराद चालू केला.

बाईची बस गेली अन् चाचा सुटला.

"अबे, साऱ्या गावाचे बोल निघतात तुह्या तोंडातून, 'नाई पाह्यला' एवढंच नाई निघालं? माह्या माणसाचं पोट होतं त्या लाकडावर! तो गेला असता तं तू चालवतं का खराद? अन् एखादं लेकरू ते हातात घेऊन म्हणन, गेंडा असा रायते. ते बिचारे रेनकोट घालून खऱ्या गेंड्याची राखण करून राह्यले, अन् तू लेकराइले सावलीचा बुढा देतं? फोटो येईपर्यंत तोंड बंद. समजलं का?"

मी चूपचाप मान हालवली.

"पाह्य, पाह्य! मान बी माह्यीच हालवून राह्यला!" चाचा ओरडला. "सोड बे माह्यी मान!"