फरशीवर पाणी नाय

माझ्या दुकानाच्या दारावर मी कधी लिंबू-मिरची टांगली नाही. शहापूरला स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं माझं दुकान आहे. वय त्रेपन्न. भगताच्या नादी लागलेल्यांना चार शब्द सुनावणारा माणूस मी. या सदरातले गूढ अनुभवसुद्धा चहाबरोबर, हसत हसत वाचायचो. आज स्वतः लिहायला बसलो आहे तर लाज वाटते... पण घडलेल्या प्रकाराची नाही, मी जे वागलो त्याची.

शहापूर-मुरबाडकडच्या लोकांचा एक मोठा ऑनलाइन ग्रुप आहे. बियाणं कुठे मिळेल, एसटी का आली नाही, कुणाची गाय हरवली, असल्या गप्पा तिथे चालतात. त्याचा अ‍ॅडमिन मी. दुसरा एक होता, त्याने लक्ष देणं कधीच सोडलं होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा नोकरीला पुण्यात. सकाळी चहा ठेवायचा आणि ग्रुपमधला स्पॅम काढायला बसायचं, हा माझा नेम. घरबसल्या कमवा, झटपट लोन, वजन घटवा - पटापट डिलीट. "अ‍ॅडमिनसाहेब, ग्रुप एकदम स्वच्छ ठेवलाय" असं कुणी लिहिलं की दिवस बरा जायचा. खरं सांगतो, दिवसभरात तेवढंच कुणी माझ्याशी आपणहून बोलायचं.

धसईच्या पलीकडच्या एका गावातले बाळारामकाका त्या ग्रुपमध्ये होते. सत्तरीचे. त्यांच्या गावाला जाताना नदीवर बुटका पूल लागतो, आमच्याकडे त्याला फरशी म्हणतात. जोराचा पाऊस झाला की पाणी फरशीवरून जातं आणि गाव तुटतं. काका रोज सकाळी सातच्या सुमारास एकच ओळ टाकायचे - "फरशीवर पाणी नाय. या." पाणी असलं तर, "फरशीवर पाणी हाय. थांबा." पावसाळ्यात ठीक होतं. पण दिवाळीनंतरही तेच, शिमग्यालाही तेच. मे महिन्यात पोरं चेष्टा करायला लागली. "काका, नदीत आमची टूर्नामेंट चालू आहे, बॉल हरवला तर पाणी आणू का?" एकाने मलाच टोमणा मारला, "अ‍ॅडमिन, हा स्पॅम दिसत नाही वाटतं तुम्हाला?"

मला ते लागलं. सेटिंगमध्ये नको असलेले शब्द घालायची सोय असते. त्यात मी 'फरशीवर पाणी' हे शब्द घातले. ते शब्द असलेली पोस्ट ग्रुपला न दिसता थेट स्पॅमच्या खोक्यात जाऊन पडणार. दोन मिनिटांचं काम.

चार दिवसांनी काकांचा फोन आला. नंबर माझ्या दुकानाच्या बोर्डावर आहे.

"सायेब, माजा मेसेज ग्रुपला दिसत नाय. मोबाइल बिगाडला का काय?"

"काका, तुम्ही रोज तेच तेच टाकता. त्याला स्पॅम म्हणतात."

"काय म्हंतात?"

"कचरा, काका. पावसाळ्यात टाका ना. आत्ता नदीत पाणी तरी आहे का?"

"नाय ना. तेच तं सांगतो." मग म्हणाले, "येनारा मानूस कंच्या महिन्यात येल, ते काय आपल्याला ठावं असतंय?"

काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं. "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. बघितलं नाही. पावसाळा आला, तरी ते शब्द काढायचं माझ्या लक्षात आलं नाही.

नवरात्राच्या जरा आधी एका दुपारी एका बाईंचा फोन आला. बाळारामकाकांची मुलगी, सुनंदा. आसनगावला राहते.

"दादा, बाबा गेले. दहावं झालं काल. तुमचे आभार मानायचे होते... त्यांचा शेवटचा मेसेज तुमी मंजूर केलात, तुमचं नाव दिसलं त्याखाली."

मी तर काहीच मंजूर केलं नव्हतं. त्या सांगत राहिल्या.

पाच वर्षांपूर्वी त्यांची आई वारली तेव्हा फरशीवरून पाणी जात होतं. सुनंदाताई धसईत एका ओळखीच्यांच्या घरी थांबून होत्या. पाणी पहाटेच उतरलं, पण त्या गडबडीत त्यांना कुणी कळवलं नाही. त्या पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. "पाणी उतरलं एवढा एक शब्द कळवता आला नाय तुमाला?" असं बापाला बोलून त्या निघाल्या, त्या परत गेल्या नाहीत. फोनही उचलत नव्हत्या. मग म्हाताऱ्याने स्मार्टफोन घेतला, शेजाऱ्याकडून शिकून घेतला आणि मुलगी ज्या ग्रुपमध्ये आहे त्यात शिरला.

"मी रोज वाचायची, दादा. लाइक नाय केलं कधी. पण वाचल्याशिवाय चहा घेत नव्हती. मे महिन्यात बंद झालं... मला वाटलं, थकले. आता नको झाली मी त्यांना. मग मी पन हट्टाला पेटली. आनि त्या दिवशी सकाळी एकदम आला. फरशीवर पाणी नाय, या. काय वाटलं काय माहीत, होती तशी निघाली."

त्या अकराच्या सुमारास गावात पोचल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. काका बाजेवर होते, झोपल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळीच गेलेत.

मी लॅपटॉप उघडला. अ‍ॅडमिनने केलेल्या प्रत्येक गोष्टीची तिथे नोंद राहते. त्या तारखेला सकाळी सात बारा - बाळाराम यांची पोस्ट मंजूर. मंजूर करणारा... मी. खाली माझं नाव, माझा फोटो. सात बाराला मी मोरीत दाढी करत होतो. रोज त्याच वेळी करतो. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता आणि घरात माझ्याशिवाय कोणी नसतं.

मग स्पॅमचं खोकं उघडलं. मे महिन्यापासून रोजची एक ओळ तिथे पडून होती. पाणी नाय, या. पाणी हाय, थांबा. पाणी नाय, या. कचरा म्हटल्यावरसुद्धा म्हातारा लिहीतच राहिला होता. शेवटची ओळ मात्र मृत्यूच्या आठ दिवस आधीची.

ते आठ दिवस का रिकामे, ते मुरबाडला कळलं. काकांचा मोबाइल तिथल्या एका दुकानात दुरुस्तीला पडला होता. तो आणायला सुनंदाताईंबरोबर मीही गेलो. दुकानदाराने ड्रॉवरमधून एक डबी काढली. आत स्क्रीन वेगळी, बोर्ड वेगळा.

"आजोबा रोज एसटीने यायचे विचारायला," तो म्हणाला. "पार्ट येत नव्हता. मी म्हटलं, एवढी काय घाई आजोबा, गर्लफ्रेंड आहे काय? तर म्हणाले, पोरगी हाय."

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी ताईंना खरं सांगितलं. स्पॅम, ते शब्द, काकांचा फोन, मी कचरा म्हणालो ते, सगळं. आणि माझा फोन त्यांच्या हातात दिला. त्या तिथेच, एका बंद गाळ्याच्या पायरीवर बसल्या आणि एक एक ओळ वर सरकवत गेल्या. मला वाटलं होतं शिव्या देतील. शेवटची ओळ वाचून म्हणाल्या, "मंजे बंद नव्हतं केलं त्यांनी."

"नाही, ताई. मी केलं होतं."

त्यांनी फोन परत दिला. माझ्याकडे बघितलं नाही. "ह्या काढू नका," म्हणाल्या आणि स्टँडकडे निघून गेल्या. त्यानंतर त्यांचा फोन नाही.

मी पुष्कळ जणांना विचारलं. दुसरा अ‍ॅडमिन म्हणतो त्याने हात लावला नाही, आणि लावला असता तर नोंदीत त्याचं नाव आलं असतं. कंप्युटरवाले म्हणतात सिस्टिमची गडबड. असेल. पण नेमकी ती सकाळ, नेमका तो मेसेज, आणि खाली माझं नाव... याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आता मी शोधतही नाही.

अ‍ॅडमिनपण मी सोडून दिलं. सकाळी उठून एकच करतो. पुण्याला मुलाला मेसेज टाकतो - "मी घरी आहे. ये." रोज तेच शब्द. निळ्या खुणा होतात, उत्तर येत नाही. त्याला कचरा वाटत असेल.

वाटू दे. वाचतो तरी.