आधी कोळीण, मग मासा

त्या सकाळी नीलिमाचं मासळीचं ॲप उघडलं तर काहीच नव्हतं. मासळी नसेल तर नाही म्हणून सांगणारा आवाज तरी असायचाच. मी मनात म्हटलं, बाईसाहेब आज झोपल्या वाटतं... आणि फोन हातात असतानाच सईचा, नीलिमाच्या मुलीचा, फोन आला. नीलिमा पहाटे झोपेतच गेली होती.

तळोज्याच्या कारखान्याच्या ऑफिसात आम्ही दोघी कितीतरी वर्षं शेजारी बसलो. नीलिमा साताऱ्याची, मासळीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण बेलापूरला राहायला आली आणि शेजारच्या दिवाळे गावातल्या कोळणींशी तिची गट्टी जमली. घरपोच मासळी देणाऱ्या एका बलाढ्य कंपनीच्या जाहिराती तेव्हा प्रत्येक बसस्टॉपवर होत्या, आणि कोळणींच्या पाट्या सोसायट्यांच्या गेटवरच अडायला लागल्या होत्या. नीलिमाने नोकरी सोडली. म्हणाली, या बायकांचा बाजार मी मोबाइलवर मांडणार. मी तिला वेड्यात काढलं. ती हसली आणि माझ्याच फोनमध्ये ॲप टाकून मोकळी झाली.

सुरुवातीलाच गाडं अडलं. ऑर्डर आली की जिच्याकडे माल तयार, तिच्याकडे ती जायची. आम्हा ऑफिसवाल्यांना त्यात काय चूक दिसणार? पण त्यांच्यातल्या हिराबाईने एक ऑर्डर परत पाठवली. आम्ही समजूत घालायला गेलो, तर मासळी साफ करता करता ती शांतपणे म्हणाली, "ती बिल्डिंग जयाची हाय. तिथं मी नाय जानार."

कुठली बिल्डिंग कुणाची हे दिवाळ्यात ठरलेलं असतं, सासूकडून सुनेकडे येतं. दुसरीच्या गिऱ्हाइकाच्या दारात पाय ठेवायचा नाही. मी असते तर कपाळावर हात मारून घेतला असता. नीलिमाने ॲप मोडून पुन्हा बांधायला घेतलं. आता आधी कोळीण निवडायची, मग मासा. लिहिण्याची कटकट नको म्हणून बायका सकाळी काय मिळालं ते बोलून पाठवायच्या आणि गिऱ्हाइकाला त्यांचाच आवाज ऐकू यायचा.

मग त्या कंपनीचा माणूस दिवाळ्यात आला. सगळा माल एकगठ्ठा उचलू, दर चांगला देऊ, तुम्हाला फिरायला नको. बायका हो म्हणाल्या असत्या तर नीलिमाचा बाजार त्याच दिवशी उठला असता. मी तिला कोपराने ढोसत होते, अगं बोल की काहीतरी. पोट त्यांचं आहे, त्यांना ठरवू दे, म्हणाली. जयाबाईने एवढंच विचारलं, "मग माजं गिऱ्हाईक कोनाचं?"

"कंपनीचं," तो म्हणाला.

जयाबाईने पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि चालू लागली. तिच्यामागून हिराबाई, मग बाकीच्या. नीलिमा तिथेच ढसाढसा रडली. कंपनी आजही मोठीच आहे आणि नीलिमाचा बाजार बेलापूर-नेरूळच्या पुढे कधी गेला नाही. पण तो टिकला. माझ्या या मैत्रिणीचा मला फार अभिमान वाटतो, आणि हे तिला तोंडावर कधी म्हटलं नाही याची हुरहुरही...

बायकांचा प्रत्येक निरोप नीलिमाच्या नावाने सुरू व्हायचा. ॲपवर टाकण्याआधी ती आपलं नाव तेवढं कापायची. गिऱ्हाइकाला माझ्याशी काय करायचंय, म्हणायची. आता ते काम सई करते. तेरावं झाल्यावर बाजार पुन्हा सुरू झाला, तेव्हा मी सकाळी फोन कानाला लावला. जयाबाई बोलत होती.

"नीलूताय, आज बोंबील हाय. बाकी काय नाय."

सईने ते कापलं नव्हतं. अजूनही कापत नाही. आमच्या बेलापुरात आता रोज सकाळी आधी तिचं नाव ऐकू येतं, मग मासळीचं.