माझ्या पोरीला नापास करा

मंजुळाबाईला वाचता येत नव्हतं, आणि त्याची लाज तिला वाटायची ती फक्त एसटी स्टँडवर. एरवी घरात, बागेत, घड कापायला आलेल्या गड्यांवर तिचाच शब्द चालायचा. सावद्याजवळच्या त्या गावात लोक तिच्या नवऱ्याला, तोतारामला, तोंडावर म्हणत, "केळी तुमची, पण कारभार बाईचा," आणि तोही हसून मान डोलवायचा. पण स्टँडवर उभं राहिलं की या बाईचा आवाज बारीक व्हायचा. भाऊ, ही गाडी कुठली? एकाला विचारायचं, मग खात्रीला दुसऱ्याला.

म्हणून लेकीचं, कोकिळाचं शिक्षण मधेच तुटू द्यायचं नाही असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तोतारामची अट एकच होती. "पास व्हते तवर शिकू दे. नापास झाली का घरी." कोकिळा कधीच नापास झाली नाही. अक्षर तर इतकं देखणं की पाहुणे आले की मंजुळाबाई तिची वही पुढे करायची. पाहुणे पानं उलटून म्हणायचे, "छापल्यासारखं आहे हो!"

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात कोकिळा नववी पास झाली. त्याच सुमारास मंजुळाबाईची बहीण बेबाबाई, जी धुळ्याला देवपुरात राहायची, तिच्या नातवाचं बारसं निघालं. मायलेकी जळगावला उतरल्या. स्टँडवर ही गर्दी. मंजुळाबाई सवयीने कुणाला तरी विचारायला वळली आणि एकदम थांबली. आज विचारायचं कशाला? नववी पास लेक सोबत आहे.

"जाय कोके, बोर्ड वाचून ये. धुळ्याची कोणती ते पाह्य."

कोकिळा गेली. बराच वेळ गाड्यांपुढून फिरली. मग एका गाडीशी लोक चढत होते, तिथून तिने हात केला. मंजुळाबाई ऐटीत चढली, खिडकीची जागा धरली. गाडी गावाबाहेर पडल्यावर कंडक्टर आला.

"दोन धुळे द्या, भाऊ."

"धुळे?" कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं. "बाई, ही पाचोऱ्याची गाडी. बोर्ड वाचला नाही का?"

त्याने शिरसोलीला दोघींना उतरवलं. रस्त्याकडेच्या निंबाखाली मंजुळाबाई आधी हसलीच. पोर गर्दीत गोंधळली असेल. समोर एका दुकानावर पाटी होती. "ते काय लिहिलं, वाच बरं," ती सहज म्हणाली.

कोकिळा पाटीकडे बघत राहिली. मग पायाकडे बघायला लागली.

"वाच ना वं."

"माय, मले वाचता येत नही."

मंजुळाबाईला ऐकू आलं, पण ते डोक्यात शिरेना. "येत नही म्हनजे? एवढं सुंदर लिहिते ना तू?"

"फळ्यावर असते तसं काढते. रांगोळी काढतो ना, तसं. कोणतं अक्षर काय म्हनते, ते मले समजत नही."

"अन् परीक्षेत?"

"शेजारच्या पोरीचं पाहून काढते."

"मास्तरले माहीत आहे?"

"हो." कोकिळा अगदी साधेपणाने म्हणाली. "ते म्हनतात, तू गरीब पोर आहे, गप बसत जाय, तुले वरच्या वर्गात घालू."

मंजुळाबाईने रस्त्यावरच्या एकाला विचारून जळगावची गाडी धरली. तिथून दुसऱ्या गाडीने धुळं गाठलं, बारसं झालं, पाळणे म्हटले गेले. बेबाबाईने दोनदा विचारलं, "तुझा चेहरा असा का गं?" पण ती पाळण्याची दोरी ओढत राहिली. सांगणार काय?

जूनमध्ये शाळा उघडली तशी ती लेकीला घेऊन हायस्कुलात गेली. हेडमास्तर पंडित चौधरी सर खुर्चीत होते, शेजारी क्लार्क दाखले लिहीत होता.

"सर, माझ्या पोरीला नापास करा."

क्लार्कचा हात थांबला. दारात पाण्याची कळशी घेऊन आलेला शिपाई तिथंच उभा राहिला. पोराला पास करा म्हणून हातापाया पडणारे आईबाप त्या खोलीने पुष्कळ पाहिले होते. हे कुणी ऐकलं नव्हतं.

"हिला दुसरीत घाला, तिसरीत घाला. वाचता येत नही हिला."

सरांना नवल वाटलं नाही, आणि याचाच मंजुळाबाईला जास्त धक्का बसला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, पास केलेलं पोर मागे घेता येत नाही. आणि नापास केलं असतं तर काय झालं असतं? तुमच्याच गावातल्या जीवरामची थोरली आठवते? सहावीत नापास झाली, पुढच्या चैत्रात लग्न लावून दिलं तिचं. पोरी गळाल्या की पटावरची संख्या घसरते, तुकडी तुटते, मास्तरची जागा जाते. मी तुमची पोर शाळेत टिकवली."

नापास झाली असती तर तोतारामने हिलाही घरी बसवलं असतं, हे मंजुळाबाईला ठाऊक होतं.

सर पुढे म्हणाले, "हिच्या हातात कला आहे. देवपुरात सरकारी शिवणवर्ग आहे, आठवी पासला घेतात. तिथे घाला. प्रत्येकानं पुस्तकच वाचलं पाहिजे असं थोडंच आहे?"

तेही खोटं नव्हतं. मायलेकी पुन्हा धुळ्याला गेल्या. वर्गाच्या सुनंदाबाईंनी कोकिळापुढे कापड टाकलं, कात्री दिली. पोरीने नुसत्या नजरेच्या अंदाजाने झबलं बेतलं. बाई खूश झाल्या. "छान! आता मापं सांगते, लिहून घे. छाती, कंबर, बाही..."

पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली.

सुनंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. "आणखी एक," त्या म्हणाल्या. मग मंजुळाबाईकडे वळून जवळजवळ ओरडल्याच, "दरवर्षी पाठवतात अशा! वाचता येत नाही ना, मग घाला शिवणाला. शिवण म्हणजे काय शाळेचा उकिरडा आहे? इथं मापं लिहावी लागतात, आकृती वाचावी लागते, हिशोब लागतो." आणि लगेच आवाज उतरवून म्हणाल्या, "पोर गुणी आहे हो. वाचायला शिकवा आणि आणा. मी घेईन."

गावी परतल्यावर मंजुळाबाई प्राथमिक शाळेच्या अभिमन गुरुजींकडे गेली. गुरुजी निवृत्तीला आले होते. सगळं ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "चौथीपर्यंत ही माझ्याच वर्गात होती," एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, "शाळा सुटल्यावर पाठव. घरच्या ओट्यावर बसवतो."

पंधरा वर्षांची पोर पहिलीचं पुस्तक घेऊन बसली की गाव हसणारच. म्हणून मंजुळाबाई डाळ पाखडायला सूप घेऊन ओट्याच्या कडेला बसायची, रस्त्याकडे तोंड करून. तिच्यासमोर हसायची कुणाची छाती नव्हती.

एका संध्याकाळी जीवरामचा मुलगा आला. हा फैजपूरला कॉलेजात जायचा, दहावीला पहिला वर्ग काढून पास झालेला म्हणून बापाने पेढे वाटले होते. डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मीबी बसू का?"

मंजुळाबाईच्या हातातलं सूप कलंडलं. डाळ ओट्याभर झाली.

मग एकेक येत गेले. नववीतले, दहावीतले, शाळा सोडून बागेत लागलेलेही. आपल्याच गावात, आपल्याच डोळ्यांदेखत इतकी पोरं? मंजुळाबाई रोज नवा चेहरा पाहायची आणि सूप घेऊन आणखी थोडी कडेला सरकायची.

कुजबुज हेडमास्तरांपर्यंत गेलीच. पंडित सर एकदा ओट्यासमोर येऊन उभे राहिले. आपलेच विद्यार्थी बाराखडी गिरवताना त्यांनी एकेक करून पाहिले. मग म्हणाले, "गुरुजी, मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं."

"मीबी नव्हतं, सर," गुरुजी म्हणाले. "बसा."

सर बसले नाहीत. पण दिवाळीनंतर शेवटच्या तासाला ते ओट्यावर येणाऱ्या पोरांना लवकर सोडू लागले. का सोडतो, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी दहावीचा बोर्डाचा निकाल लागला. कोकिळाने तो स्वतः वाचून दाखवला, अडखळत, बोट फिरवत. "इंग्रजी नापास. गणित नापास. मराठी बेचाळीस." तोताराम तोंड उघडं टाकून ऐकत होता. पोर नापास झाली याचा त्याला राग यायला हवा होता, पण तिने ते वाचलं यातून तो बाहेरच येईना. मंजुळाबाईने त्याला बोलूच दिलं नाही. जुलैत ती कोकिळाला घेऊन देवपूरला गेली.

सुनंदाबाईंनी मापं सांगितली. कोकिळाने लिहून घेतली आणि परत वाचून दाखवली. बाहेर बेबाबाईपाशी उभ्या मंजुळाबाईला खिडकीतून तो आवाज आला आणि तिने पदर तोंडात धरला.

बेबाबाई घाबरली. "अगं, आता रडायला काय झालं? घेतलं ना पोरीला?"

"घेतलं वं," मंजुळाबाई म्हणाली. "पन पोर तं इतकी वर्षं माह्या डोयासमोर व्हती."